पांढराशुभ्र कागद आणि शंभर वर्षांची थाप

आजोबांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटलं की आपण दोनच प्रश्न विचारतो. ग्लॉसी की मॅट? आणि किती पडतील? कागद कशाचा आहे, हे कुणीच विचारत नाही. मंडळी, घोळ होतो तो इथेच!

दुकानदार सगळ्यात पांढराशुभ्र कागद पुढे करतो आणि आपण खूश. अहो, तो पांढरेपणा बहुतेक वेळा कपड्यांना नीळ घातल्यासारखा असतो. ऑप्टिकल ब्राइटनर नावाचं रसायन अतिनील किरण शोषून निळसर चमकतं. कालांतराने त्याचा जोर ओसरला की कागद पिवळट दिसायला लागतो. खात्री करायचीय? नोटा तपासायचा यूव्ही दिवा असतो ना, त्याखाली कोरा कागद धरा. निळा झगमगला तर पांढरेपणा उसना समजा.

पाकिटावरच्या 'आर्काइव्हल' या शब्दालाही भुलू नका. तो कुणीही छापू शकतं. 'शंभर वर्षं टिकेल' हा तर प्रखर दिव्याखाली केलेल्या चाचणीवरून बांधलेला अंदाज. 2000 साली एप्सनच्या स्टायलस फोटो 870 आणि 1270 या प्रिंटरांचा टिकाऊपणाबद्दल बराच गाजावाजा झाला. प्रत्यक्षात काही लोकांचे ग्लॉसी प्रिंट थोड्याच दिवसांत नारिंगी पडले. कारण? हवेतला ओझोन! चाचणी उजेडाची झाली, हवेची नाही.

मग घ्यावं काय? शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित, ब्राइटनर नसलेला कागद आणि डाय नव्हे, पिगमेंट शाई. फ्रेममध्ये फोटोमागे थेट हार्डबोर्ड नको, आणि काच फोटोला चिकटायला नको. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते परत काढता येत नाही.

'हे परदेशी चोचले' असं कुणी म्हणेल. त्याने नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातली मोडी कागदपत्रं पाहावीत. चिंध्या-तागाचा हातकागद आणि काजळाची शाई. काजळ म्हणजे कार्बन, म्हणजे पिगमेंटच की! जुन्नर-दौलताबादच्या कागद बनवणाऱ्यांचं शहाणपण आपण चकचकाटापायी विसरलो, एवढंच.

महाग पडतं, मान्य. पण लग्नाच्या पाचशे फोटोंच्या जाडजूड अल्बमवर हजारो रुपये उडवताना महागाई आठवते का? त्यातले पाचच निवडा आणि नीट छापा. नातवंडं हातात घेऊन बघतील ते हेच पाच. बाकीचे राहू देत मोबाईलमध्ये... तो बदलेपर्यंत!