ऋण काढून युद्ध

१४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार देणारा ठराव संमत केला. त्याचा गाभा अवघ्या ६० शब्दांचा. त्यात शत्रुराष्ट्राचे नाव नव्हते, मुदत नव्हती, खर्चाची मर्यादाही नव्हती. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असे मतदान झाले. या कोऱ्या धनादेशावर सही करण्याचे नाकारणारे ते एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सुमारे ३,००० निरपराध माणसे मारली गेली. त्या अमानुष कृत्याचे समर्थन कोणीही सुबुद्ध माणूस करणार नाही. परंतु अपराध्यांना शासन करणे वेगळे आणि अंत नसलेल्या युद्धाचा परवाना देणे वेगळे. त्याच ६० शब्दांच्या आधारे पुढे येमेन व सोमालियात हल्ले झाले. २००१ साली जिचा मागमूसही नव्हता, त्या ‘इस्लामिक स्टेट’विरुद्धही २०१४ पासून हाच ठराव पुढे करण्यात आला.

असे युद्ध लोकशाही राष्ट्रात चालते कसे? त्याचे उत्तर राजस्वाच्या हिशेबात आहे. १९५० साली कोरियात सैन्य उतरवल्यावर ट्रूमन सरकारने प्राप्तिकर वाढवला आणि कंपन्यांच्या अतिरिक्त नफ्यावरही कर बसवला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६८ साली, जॉन्सन यांना दहा टक्के अधिभार लावावा लागला. कर वाढला की नागरिक प्रश्न विचारतो. मुलगा सक्तीने सैन्यात गेला की तो रस्त्यावर उतरतो. व्हिएतनामपासून अमेरिकी सत्ताधाऱ्यांनी धडा घेतला, पण उलटा! हस्तक्षेप करू नये असे ते शिकले नाहीत. हस्तक्षेपाची झळ मतदाराला लागू देऊ नये, एवढेच शिकले. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. २००१ मधील करकपात युद्ध सुरू झाल्यावरही मागे घेतली गेली नाही. उलट इराकमध्ये फौजा घुसल्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २००३ मध्ये, आणखी एक करकपात झाली. ऋण काढून सण साजरा करणाऱ्यास आपण उधळ्या म्हणतो. ऋण काढून युद्ध करणाऱ्यास काय म्हणावे?

‘या युद्धाने अफगाण मुलींना शाळा दिल्या’ असा युक्तिवाद केला जातो. शाळा उघडल्या हे खरेच, आणि आज तालिबानने मुलींना माध्यमिक शिक्षणाची दारे बंद केली आहेत हे संतापजनकच आहे. पण परकीय संगिनींच्या आधाराने उभी राहिलेली राजवट १५ ऑगस्ट २०२१ रोजी पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने या युद्धाचा खर्च सुमारे २ लाख ३० हजार कोटी डॉलर मांडला. त्यात यापुढे फेडावयाचे व्याज धरलेले नाही. अफगाणिस्तानात सुमारे १ लाख ७६ हजार माणसे मेली. त्यांत ४६ हजारांहून अधिक सामान्य नागरिक होते. आणि सैन्य परतताना त्या कंगाल देशाच्या मध्यवर्ती बँकेची अमेरिकेत ठेवलेली सुमारे ७०० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवण्यात आली!

हा रोग एकाच गोटाचा नाही. याच भूमीत १९७९ ते १९८९ या काळात सोव्हिएत फौजांनी ‘बंधुत्वा’च्या नावाने तेच केले, आणि जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या फौजा माघारी घेण्याची मागणी करणाऱ्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. आक्रमकाचा झेंडा पाहून निषेधाचा आवाज ठरवणे म्हणजे अलिप्तता नव्हे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. युद्धाच्या प्रत्येक ठरावात शत्रूचे नाव आणि मुदत असावी, आणि युद्धकराचे विधेयक त्याच दिवशी, त्याच सभागृहात मांडले जावे. ज्यांना युद्ध हवे आहे त्यांनी त्याची किंमत आपल्या मतदारांना तोंडावर सांगावी. ती सांगण्याचे धैर्य नसेल, तर परक्यांच्या मुलांवर बॉम्ब टाकण्याचा अधिकारही त्यांना नाही.