मॉरिशसचा ऊस, बीडचा कोयता

हिंदी महासागरातील मॉरिशस बेट ज्वालामुखीच्या लाव्हातून घडले. बीड जिल्ह्यातील बालाघाटही लाव्हाचाच. आग्नेय व्यापारी वारे बेटाच्या मधल्या पठारावर पाऊस ओततात आणि पश्चिमेचा ब्लॅक रिव्हर जिल्हा कोरडा राहतो. इकडे मोसमी वारे सह्याद्रीवर रिते होतात आणि आष्टी-पाटोद्याची माळराने आभाळाकडे पाहत राहतात. साम्य एवढ्यावरच थांबते, तर तो शाळेतील भूगोलाचा धडा ठरला असता.

चक्रीवादळात आडवा झालेला ऊस पुन्हा उभा राहतो, म्हणून वादळांच्या या बेटावर मळेवाल्यांनी ऊसच लावला. 1835 मध्ये गुलामगिरी संपली; तोडणीला माणसे हवी होती. 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करार करून तेथे नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही ब्लॅक रिव्हर, व्हाक्वा या भागांत गणपती बसवतात. महाराष्ट्रात या गणपतीचे कौतुक पुष्कळ होते. त्यांच्या पूर्वजांच्या हजेरीपटाची चौकशी कोणी करीत नाही.

त्या हजेरीपटात ‘दुहेरी कपात’ होती : एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 1871 मध्ये मजुरांनी अ‍ॅडॉल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी शाही चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने स्वर्ग आणला नाही. 1937 मध्ये उसाच्या भावावरून उठाव झाला, गोळीबारात माणसे मेली. तेव्हा कुठे 1938 मध्ये संघटनेचा कायदेशीर हक्क मिळाला.

बीडच्या तोडणी कामगाराला समुद्र ओलांडावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकाच्या कारखान्यावर जातो. फडाजवळच्या कोपीत पाणी नाही, शौचालय नाही; मुलांची शाळा गावीच राहते. आजारपणाने एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी जाते, शिवाय खाड्याचा दंड उचलीत चढतो. दुहेरी कपातीचे हे नवे नाव! या खाड्याच्या धाकाने स्त्रिया पाळीच्या दुखण्यातही फडात उतरतात. 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीला पाहणीतील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली.

2019 मध्येच शासनाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापण्याचा निर्णय घेतला. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. ती संघटनेच्या बळावर मिळाली, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु दर वाढला तरी नाते तेच राहिले. मॉरिशसच्या मजुराच्या करारावर मालकाचे नाव असे; अर्ज कोणाविरुद्ध करायचा हे तरी त्याला ठाऊक होते. येथे कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी होतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे; मुकादम म्हणतो, काम कारखान्याचे. कारखान्याला मालक ठरवून प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र मजुरीपत्रक आणि खाड्यावर बंदी, ही मागणी पुढच्या गळितापूर्वी, उचलीचे वाटप सुरू होण्याआधीच, गावोगाव मांडावी लागेल. एकदा उचल हातात पडली की बोलणाऱ्याचे तोंड बंद होते.