उत्तरायण केव्हा लागते?

हिंदूंना काळाचे भान नाही, युगांच्या चक्रात फिरणाऱ्या समाजास इतिहास कोठून असणार, हा परकीयांचा जुना आक्षेप. त्यावर आमची मंडळी संकल्पाकडे बोट दाखवितात. शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र! पूजेस बसलेला साधा गृहस्थही अनंत काळातील आपली नेमकी जागा सांगून मगच संकल्पाचे पाणी सोडतो. उत्तर बिनतोड आहे. परंतु त्या संकल्पातील अयन तरी खरे असते काय?

२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य उत्तरेकडे वळतो. अंगणात काठी रोवून माध्यान्हीची सावली मोजणाऱ्या कोणाही मुलास हे कळेल. तरीही अनेक देवळांतून १४-१५ जानेवारीपर्यंत 'दक्षिणायने' हाच उच्चार चालतो. म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळ प्रत्यक्ष सूर्यनारायणासमोर आम्ही त्याच्याविषयीच असत्य बोलतो. सूर्यसिद्धान्तातील वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. एका वर्षात हा फरक क्षुल्लक. चौदा शतकांत तो २३ दिवसांचा होतो.

'पूर्वजांनी ठरविले ते बदलणारे आम्ही कोण?' असे विचारतात. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ हे पूर्वजच ना? शके १४४२ मध्ये त्यांनी 'ग्रहलाघव' रचला, तो जुन्या ग्रंथांचे गणित आकाशाशी जुळेना म्हणून. जे जुळले ते त्यांनी घेतले, जे जुळले नाही ते सुधारले. पुढे केरोपंत छत्रे आणि व्यंकटेश बापूजी केतकर हेच करू लागले, तेव्हा त्यांना विरोध झाला तो ग्रहलाघवाचा कैवार घेऊन! शोधकाच्या ग्रंथाची पोथी झाली म्हणजे असे होते.

१९५२ मध्ये नेमलेल्या मेघनाद साहांच्या पंचांग समितीत दफ्तरी आणि करंदीकर हे आपलेच विद्वान होते. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ हा राष्ट्रीय दिनांक सुरू झाला. तो राजपत्रावर छापला जातो. घरात कोणास ठाऊक नसतो. अर्थात इंग्रजांनीही पोपची म्हणून नवी कालगणना १७० वर्षे नाकारली व १७५२ मध्ये मुकाट्याने ११ दिवस गाळले.

मकरसंक्रान्त नक्षत्रचक्रास बांधलेली आहे, ती तशीच राहो. तिळगूळ जानेवारीतच वाटावा. आमचा वाद अयनाशी आणि ऋतूंशी आहे, कारण ते सूर्याचे आहेत, पोथीचे नव्हेत.

आणि 'कलियुगात असेच चालायचे' हे तर कोणी सांगूच नये. कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा आपले वय २३ होते, असे आर्यभटाने नोंदविले आहे. त्याने ज्याचे मोजमाप केले, त्याची आम्ही सबब केली. देवस्थानच्या विश्वस्तांनी आपल्या पुरोहितांस एवढेच सांगावे, की येत्या डिसेंबरात सूर्य वळला, की दुसऱ्या दिवशीच्या पूजेत 'उत्तरायणे' म्हणा. त्यास शास्त्राधार हवा असेल तर काही पंचांगांत त्याच दिवशी सायन उत्तरायणारंभ छापलेला असतो; पान उघडून पाहावे.