काम सुटलं, आता उपचारांचं काय?

भिवंडीत धामणकर नाक्यावरून कामतघर, पद्मानगरच्या बाजूला वळलं की यंत्रमागांची खडखड कानावर येते. मंदीत ती थांबते आणि पगारही थांबतो. त्याच वेळी उपचारांचा आधारही सुटतो. हे मात्र घरात कुणी आजारी पडल्यावरच कळतं.

कोरोनाकाळात अमेरिकेने यावर एक उपाय केला. २०२१ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर, नोकरी गेलेल्यांच्या कंपनी-विम्याचा पूर्ण हप्ता सरकारने भरला. आपल्याकडेही थोडी सोय आहे. ज्यांचं ईएसआयसी कापलं जातं, त्यांची एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ऑक्टोबरात काम सुटलं तरी पुढच्या जूनअखेरपर्यंत कुटुंबासह उपचार मिळतात. म्हणून हिशेब घेताना भरलेले दिवसही तपासून घ्या.

पण दहापेक्षा कमी कामगार असले, किंवा कागदावर तसे दाखवले, की ईएसआयसी लागूच होत नाही. अशा कामगाराला आधार उरतो तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. अट एवढीच, की महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला हवा.

भिवंडीचे माग चालवणारे कितीतरी हात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले आहेत. गावच्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड असेल तर ठीक, नाहीतर दार बंद. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे गावच्या कार्डावर त्याला भिवंडीच्या दुकानात धान्य मिळतं, पण त्याच कार्डावर हृदयाची शस्त्रक्रिया होत नाही. हे कोणतं शहाणपण?

परराज्यातल्यांचा भार आपण का उचलायचा, असं कुणी विचारेल. पण ते कापड इथेच विणलं जातं, त्यावरचा व्यापार इथेच होतो. शिवाय काम सुटल्यावर रक्तदाबाची गोळी बंद झाली आणि पुढे पक्षाघात झाला, तर तो रुग्ण शेवटी इथल्याच सरकारी रुग्णालयात येतो. तेव्हा खर्च वाढलेला असतो आणि हातपाय गेलेले असतात.

राज्याने इथे काम केल्याचा पुरावा ग्राह्य धरावा आणि काम सुटल्यावर निदान सहा महिने या योजनेचं संरक्षण द्यावं. खर्चाचा हिशेब राज्यांनी आपसात करावा. माग बंद पडला म्हणून आजार थांबत नाही.