पायांचा रियाज



गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मेटलचा भक्त. भिंतीवर काळी पोस्टरं, कानात हेडफोन, आणि खोलीत बारा महिने ड्रमची खटखट. आवाज पडलेला होता. "मामा, घोटाळा झालाय."

झालं होतं असं. त्याने आणि दोन मित्रांनी घरच्या घरी एक गाणं रेकॉर्ड केलं. गिटार खरी वाजवली, पण ड्रम मात्र लॅपटॉपवर एकेक ठोका माऊसने बसवून तयार केले. गाणं नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं, तिथून मंडळाच्या लोकांपर्यंत पोचलं, आणि त्यांनी प्रेमाने सांगितलं, "गणेशोत्सवात युवकांच्या संध्याकाळी हेच वाजवायचं."

"मामा, त्यातले ड्रम मी वाजवलेलेच नाहीत. मला ते वाजवता येतच नाहीत. म्हणजे मी सगळ्यांना फसवलं का?"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचा लेख.

भाच्याच्या आवडत्या बँडपासूनच सुरुवात करू. मेशुगा हा स्वीडनमधल्या उमेओ या गावचा बँड. १९८७ साली सुरू झाला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यांचं संगीत म्हणजे निव्वळ गोंधळ वाटतो. पण तबल्याच्या चार इयत्ता शिकलेल्या माणसाने जरा कान दिला तर आत चोख हिशेब सापडतो. ड्रमरचे हात झांज आणि स्नेअरवर सरळ चारचा ठेका धरून असतात. त्याच वेळी त्याचे पाय आणि गिटारी भलत्याच लांबीचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. हातांची चौकट एक, पायांची दुसरी. तुकडा चौकटीवरून घसरत घसरत जातो आणि ठरलेल्या जागी सगळे एकदम समेवर येतात. शेवटचा तुकडा बसत नसेल तर तो बेतून कापतात.

आता असं गाणं रेकॉर्ड कसं होतं? सगळे एका खोलीत उभे राहिले, वाजवलं आणि झालं, असं सहसा नसतं. आधी गाण्याची लय ठरवून मेट्रोनोमची टिकटिक संगणकात टाकतात. तिला क्लिक म्हणतात. त्या क्लिकवर बहुतेक वेळा पहिल्यांदा ड्रम वाजवले जातात. मग गिटार. तीसुद्धा एकदा वाजवून भागत नाही. तेच वाजवणं दुसऱ्यांदा, जसंच्या तसं, नव्याने वाजवतात. एक उजव्या कानाला ठेवतात, एक डाव्या. पहिल्याचीच नक्कल करून चालत नाही, कारण दोन वेगळ्या वाजवण्यांतल्या बारीक फरकामुळेच आवाज भिंतीसारखा रुंद होतो. वाजवताना एखादी जागा चुकली तर तेवढीच पुन्हा वाजवून जोडतात. ड्रमचा ठोका जरा पुढेमागे पडला तर संगणकावर सरकवून जागेवर आणतात.

ही सोय मोठी आहे आणि धोकाही तिथेच आहे. चार चार सेकंदांचे तुकडे जोडून आठ मिनिटांचं गाणं तयार होऊ शकतं, आणि ते सलग वाजवणं त्या बँडमधल्या कुणालाच जमत नसेल, असंही होऊ शकतं.

भाच्यासाठी मुद्दाम सांगतो, मेशुगाने हेच केलेलं आहे, तेही मोठ्या प्रमाणावर. २००५ साली त्यांचा 'कॅच थर्टीथ्री' हा आल्बम आला. सत्तेचाळीस मिनिटांची जवळजवळ एकच सलग रचना, आणि तिच्यातले ड्रम संगणकावर बसवलेले. आवाज त्यांचाच ड्रमर टॉमस हाके याच्या ड्रमचे, आधी एकेक ठोका रेकॉर्ड करून साठवलेले. बँडने हे लपवलं नाही. त्यामुळे कुणी त्यांना लबाड म्हटलं नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. २००८ साली 'ऑब्झेन' हा आल्बम आला आणि त्यात हाके पुन्हा स्वतः ड्रमवर बसला. या आल्बममध्ये 'ब्लीड' नावाचं सात मिनिटांहून थोडं मोठं गाणं आहे. लय मिनिटाला सुमारे ११५, म्हणजे ऐकायला फार जलद नाही. पण पायांचं काम बघा. दोन चटचट ठोके, मग दोन त्याच्या निम्म्या वेगाचे, असा तीन मात्रांचा छोटा तुकडा चारच्या ठेक्यावर चालत राहतो. चटचट पडणाऱ्या दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं. हा तुकडा न थांबता चालवला तर पायांना मिनिटाला सहाशेच्या वर ठोके मारावे लागतात. गिटारीही नेमकं तेच वाजवत असतात, त्यामुळे पाय केसभर चुकला तरी लगेच उघडा पडतो.

हाके तेव्हा जगातल्या नावाजलेल्या मेटल ड्रमरांपैकी एक होता. तरीही हे त्याला येत नव्हतं. त्याने मुलाखतीत सांगितलं आहे की या गाण्यासाठी पाय चालवण्याची पद्धतच नव्याने शोधावी लागली, आणि आल्बममधल्या बाकी सगळ्या गाण्यांवर मिळून जितका सराव केला तितका या एकावर केला. गाणं आल्बममधून वगळण्यापर्यंत वेळ आली होती.

म्हणजे गाणं आधी झालं आणि वाजवणारा नंतर तयार झाला. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याला येतं तेवढंच लिहायचं असं ठरवलं असतं तर 'ब्लीड' झालंच नसतं.

असा सराव कसा करतात हे तबला शिकलेल्यांना सांगायला नको. लय निम्म्यावर आणायची. तुकडा सुटा करून घोटायचा. दोन्ही पायांचे ठोके सारख्या वजनाचे पडेपर्यंत वेग वाढवायचा नाही. मग मेट्रोनोम एखाद्या अंकाने पुढे सरकवायचा. अंग ताठ झालं की थांबायचं, कारण ताठ घोट्याने वेग येत नाही, दुखणं तेवढं येतं. आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे दम वाढवणं. वीस सेकंद जमणं वेगळं आणि सात मिनिटं टिकणं वेगळं.

रंगमंचावर मदत अजिबात नसते असं नाही. ड्रमरच्या कानात क्लिक चालू असते. हल्ली अनेक बँडचे गिटारचे आवाज संगणक गाण्याच्या ठरलेल्या जागी आपोआप बदलतो, त्यामुळे वादकाला बटणं दाबत बसावं लागत नाही. काही बँड कोरस किंवा कीबोर्ड आधी रेकॉर्ड करून सोबत वाजवतात. पण चौथ्या मिनिटाला पिंढरी भरून आली की तिथे तुकडा जोडून द्यायला कुणी नसतं. 'ब्लीड' मेशुगाने पुढे वर्षानुवर्षं कार्यक्रमांत वाजवलं. 'कॅच थर्टीथ्री'मधले संगणकावर बसवलेले काही भागही हाकेने नंतर मंचावर प्रत्यक्ष वाजवून दाखवले. आणि २०१६च्या 'द व्हायलंट स्लीप ऑफ रीझन'साठी हा बँड स्टुडिओत एकत्र उभा राहिला आणि सगळ्यांनी मिळून एकदम वाजवलं. थोडं खरबरीत राहिलं तरी चालेल, पण माणसांचं वाटायला हवं, हा विचार त्यामागे होता.

तर भाच्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. संगणकावर ड्रम बसवणं ही फसवणूक नाही. ती उधारी आहे. "हे मी वाजवलं" म्हटलंस तर फसवणूक. गप्प बसून टाळ्या घेतल्यास तरी तेच. सांगून टाकलंस तर उधारी उघड झाली, आणि मग ती फेडायची की नाही हा तुझा प्रश्न.

भाच्याने मंडळात जाऊन सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलंच नाही. एक काका म्हणाले, "बरं, मग आता शिकून घे." गाणं त्याने मिनिटाला शंभरच्या लयीवर आणलं आहे आणि मधला सगळ्यात अवघड भाग सोपा करून घेतला आहे. गणपतीला अजून सात आठवडे आहेत.

परवा बेळगावला बहिणीकडे गेलो तेव्हा घोंगडीवर रबरी पॅड ठेवून त्याचा रियाज चालला होता. आई, म्हणजे त्याची आजी, शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिने जन्मभर भजनं ऐकली आहेत. मेटल म्हणजे काय हे तिला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. बराच वेळ ऐकून म्हणाली, "समेच्या आधी घाई करालास बघ. डावा पाय."

भाच्याने मेट्रोनोम दोन अंक खाली आणला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

पुढच्या महिन्यात भेटू.