ओसरी हरवू नये

धानाचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात कवेलूंच्या घरांची जागा सिमेंटची घरे घेत आहेत. पक्के छत हवेच. परंतु त्यापायी ओसरी जाते, ही हानी कोणी मोजत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलून वृद्धांचे मन हलके होई, ते तिथेच. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी परतले. निरोगी मनाची गरज याहून निराळी कशी असेल? म्हणूनच शोभेच्या कपाटावर खर्च करण्यापूर्वी आजी-आजोबांच्या खोलीला अंगणाकडे उघडणारी खिडकी द्यावी, दारापुढे बसण्यापुरता ओटा राखावा. घराची खरी सजावट ती हीच!