हौदाची गाळणी आणि फाजील स्वच्छता

बागेतील मत्स्यहौदाची गाळणी जितकी लख्ख तितके पाणी चांगले, ही आमच्या कित्येक बागाईतदार बंधूंची समजूत आम्हांस साफ चुकीची वाटते. गेल्या उन्हाळ्यात आम्हीच गाळणीतील स्पंज व खडे नळाखाली चोळचोळून धुतले. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागले, व निम्मे दगावले. दोष सर्वस्वी आमचा.

गाळणी केवळ गाळ अडवीत नाही. तिच्यावरील बुळबुळीत थरातले सूक्ष्म जंतू माशांच्या मलमूत्रापासून होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात, आणि त्यावर कमळे पोसतात. जमिनीतही असेच जंतू शेणखतातील नत्र पिकाच्या उपयोगी आणितात, हे शेतकऱ्यास सांगावयास नकोच. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जंतूंचा नाश करितो.

यास्तव प्रवाह मंदावला म्हणजेच गाळणी उघडावी, ती हौदाच्याच पाण्यात, बादलीत खळबळावी, आणि एका वेळी अर्धीच. पंपही तासन्‌तास बंद ठेवू नये. प्राणवायूवाचून जंतू तगत नाहीत. बादलीतले गढूळ पाणी मात्र मोरीत न ओतता केळीच्या आळ्यांत घालावे.